मुलांना खारीचा दिवस दाखवायचा कसा? तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मुलांना खार दाखवायची म्हटलं की बहुतेक घरांत आधी बिस्किटाचा पुडा निघतो. झाडाखाली दोन तुकडे टाकायचे, खार आली की "बघ बघ, आली!" म्हणून ओरडायचं आणि ती पळाली की मोबाइलवर खारीचा व्हिडिओ लावून द्यायचा. अशाने खार दिसते, तिचा दिवस दिसत नाही. ती उठते कधी, झोपते कुठं, भर दुपारी कुठं नाहीशी होते, शेपटी झटकत कुणावर एवढी ओरडते, हे सगळं राहून जातं. आणि मुलं विचारतात ते नेमकं हेच.

चार ते आठ वर्षांच्या मुलांना खार दाखवू पाहणाऱ्या आईबाबांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि बालवाडीच्या ताईंसाठी हा लेख आहे. घराजवळ दोन-चार जुनी झाडं आणि त्यावर ये-जा करणारी एखादी खार, एवढ्यावर भागतं. मात्र क्रम मोडू नका. आधी मोठ्या माणसाने जागा हेरायची, मग मुलाला तयार करायचं, मग दिवसाचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या दिवशी पाहायचे आणि शेवटी ते जोडायचे. एकाच रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुलाला झाडाखाली बसवलं, तर ते कंटाळतं आणि पुन्हा खारीचं नाव काढू देत नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं, असे आठ-दहा दिवस, हा हिशेब बरा पडतो.

## टप्पा १: मुलाला नेण्याआधी एकट्याने जागा हेरा

सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो तो हाच टप्पा. मुलाला घेऊन बागेत जायचं आणि तिथं खार शोधत हिंडायचं, यात मुलाचा धीर शोधण्यातच संपतो.

शोधायची ती खारीची वाट. खार रोज त्याच त्या रस्त्याने जाते: कंपाउंडच्या भिंतीवरून आंब्याच्या खोडावर, तिथून फांदीच्या टोकाने केबलवर, केबलवरून समोरच्या इमारतीच्या पाइपवर. ही वाट एकदा कळली की खारीच्या मागे धावावं लागत नाही, आपण बसलो तिथून ती येताना दिसते.

वाट शोधायला आधी कान वापरा. "चिक्, चिक्, चिक्" असा एकसुरी, लांबवर जाणारा आवाज येत असेल तर तो पक्ष्याचा समजून सोडून देऊ नका, तो खारीचा असू शकतो. मग जमिनीकडे बघा. पेरू, जांभूळ, चिकू, कैरी यांची कुरतडलेली फळं खाली पडलेली असतात. फळाच्या कडेला बारीक, शेजारी-शेजारी दोन दातांच्या खाचा असतील तर ते खारीचं काम. पोपट आणि वटवाघळंही फळं अर्धवट खाऊन टाकतात, म्हणून एकट्या उष्ट्या फळावर भरवसा ठेवू नका. तिसरी खूण घराच्या आसपासच सापडते: काथ्याच्या पायपुसण्याचे उपटलेले धागे, गॅलरीतल्या जुन्या उशीतून ओढलेला कापूस. असं दिसलं तर जवळपास घरटं चालू आहे.

मग बसायची जागा ठरवा. खारीच्या वाटेपासून आठ-दहा मीटर दूर, पाठीला भिंत किंवा खोड, आणि ऊन आपल्या पाठीमागून येईल अशी. ऊन समोरून आलं तर मुलाला नुसती काळी आकृती दिसते, पाठीवरचे पट्टे दिसत नाहीत.

तपासा: वेगवेगळ्या दोन-तीन दिवशी, साधारण त्याच वेळी, त्याच वाटेवर खार दिसली का? दिसली तर जागा पक्की. नसेल तर वेळ बदलून पुन्हा बघा, घाईने मुलाला नेऊ नका.

सावध: नारळाखाली बसू नका. आंब्याखाली बसत असाल तर लाल मुंग्या आहेत का ते आधी पाहा. गवत वाढलेलं असेल तर सतरंजी टाकण्यापूर्वी काठीने जागा चाळवून घ्या.

## टप्पा २: मुलाची तयारी घरातच करा

मुलाच्या डोक्यात खार आधीपासून असते, ती चित्रांच्या पुस्तकातली. लालसर किंवा करडी, झुपकेदार शेपटी पाठीवर वळवलेली, हातात ओकचं फळ, आणि बर्फ पडण्याआधी दाणे जमिनीत पुरण्याची धांदल. ती परदेशातली खार. आपल्या अंगणातली खार वेगळी आहे, हे आधी सांगितलं नाही तर मूल बाहेर जाऊन "ही खार नाहीच" म्हणतं. आपली खार लहान असते. शरीर वीतभर, शेपटी जवळपास तेवढीच आणि वजन १०० ग्रॅमच्या आसपास. पाठीवर फिकट पट्टे असतात. दाणे पुरण्याचा मोठा उद्योग ती करत नाही, कारण तिच्या भागात बर्फाचे महिने नसतात. काही ना काही फळ, फूल, किडा तिला वर्षभर मिळतो.

पट्ट्यांचं काम मुलावर सोपवा. रामाने पाठीवरून बोटं फिरवली ती गोष्ट बहुतेक मुलांना माहीत असते, त्यामुळे "तीन पट्टे" हे उत्तर त्यांच्याकडे तयारच असतं. पण महाराष्ट्रात तीन पट्ट्यांची खार आहे तशीच पाच पट्ट्यांचीही आहे. पाच पट्ट्यांच्या खारीचे कडेचे दोन पट्टे पोटाकडच्या अंगाला असतात आणि सहज नजरेत भरत नाहीत. तेव्हा उत्तर सांगू नका, "आपल्या खारीला किती आहेत ते आपण मोजू" एवढंच म्हणा. पहिल्या बैठकीचं निम्मं काम या एका वाक्याने होतं.

सामान थोडंच लागतं: सतरंजी, पाण्याची बाटली, टोपी, कोऱ्या कागदांची वही आणि दोन-तीन खडू. चारपाच वर्षांच्या मुलाला दुर्बीण देऊ नका. तिच्यातून खार सापडेपर्यंत खार निघून जाते आणि मूल रडकुंडीला येतं. कपडे मळखाऊ रंगाचे असू द्यात. वाजणारी पैंजणं आणि दिवे लागणारे बूट घरी ठेवा.

स्टॅच्यूचा खेळ आदल्या दिवशी घरातच खेळून घ्या. आधी वीस आकडे होईपर्यंत हलायचं नाही, मग पन्नास. त्याबरोबर खुणा ठरवा: खार दिसली की मांडीवर हात ठेवायचा, बोट नाचवायचं नाही, बोलायचं असेल तर कानात. "हलू नको, बोलू नको" असं तिथं जाऊन दटावण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं.

तपासा: मूल पन्नास आकडे शांत बसू शकतं का? नसेल तर आणखी दोन दिवस खेळा. तीन वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा नको. त्याला पाच मिनिटं कडेवर घेऊन दाखवा आणि परत या.

## टप्पा ३: पहिली बैठक सकाळी

खार दिवसा वावरणारी आहे. उजाडल्यावर ती बाहेर पडते, पण थंडीच्या दिवसांत ऊन झाडावर पोहोचेपर्यंत फारशी हालचाल दिसत नाही. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कोवळं ऊन पडल्यावर जा, एप्रिल-मे महिन्यांत मात्र लवकर. शाळेच्या दिवशी ओढाताण करू नका, सुट्टीची सकाळ निवडा. मूल दूध-नाश्ता करून आलेलं असावं. उपाशी मूल खारीकडे नाही, तुमच्या पिशवीकडे बघतं.

बसल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच घडणार नाही असं धरून चाला. तुम्ही आलात म्हणून खार खोडाच्या पलीकडच्या बाजूला गेलेली असते. ही तिची नेहमीची पद्धत आहे: माणूस ज्या बाजूला, त्याच्या उलट बाजूला ती खोडाला चिकटून राहते. मोठी माणसं इथं चूक करतात, उठून पलीकडे जातात. तुम्ही पलीकडे गेलात की ती अलीकडे येते, आणि हा खेळ खारच जिंकते. बसून राहा. ती स्वतःहून डोकावते.

पहिल्या दिवशी एकच गोष्ट पाहायची: ती खोडावरून उतरते कशी? मांजर चढते सरसर, पण उतरताना पाय मागे टाकत कशीबशी उतरते. खार डोकं खाली करून सरळ उतरते. तिचे मागचे पाय घोट्यातून उलटे वळतात, त्यामुळे मागची नखं वरच्या बाजूने सालीत रुततात आणि ती त्यांच्या आधाराने खाली येते. अर्ध्यावर थांबून मान वर करते, तेव्हा मागचे पंजे अगदी स्पष्ट दिसतात. मुलाला तेवढंच दाखवा, "तिचे मागचे पाय कुठं बघतायत?" बाकी शरीरशास्त्र मूल पुढं स्वतः विचारतं.

पट्टे याच वेळी मोजायचे. उतरताना पाठ आपल्याकडे असते.

घरी आल्यावर, जेवणाआधी, मुलाला एक चित्र काढू द्या. चित्र बिघडलं तरी दुरुस्त करू नका. त्या पानावर फक्त वेळ लिहा: "सकाळी ७:३०". ही वेळ शेवटच्या टप्प्यात लागणार आहे. ती लिहायची राहिली तर शेवटी पानं जोडता येत नाहीत.

## टप्पा ४: खाणं पाहा, खाऊ घालू नका

खाणं पाहायला सकाळची किंवा दुपार कलल्यानंतरची वेळ घ्या. ज्या झाडावर सध्या फळ किंवा फूल आहे तिथं बसा. उंबर, पिंपळ, जांभूळ, पेरू, शेवगा, जे काही तुमच्याकडे असेल ते.

खार फळ तोडते आणि लगेच खात नाही. आडव्या फांदीवर जाते, मागच्या पायांवर बसते, पुढच्या दोन्ही पंजांत फळ धरते आणि ते फिरवत फिरवत कुरतडते. साल खाली पडते, गर तोंडात जातो. मधेच थांबते, मान न वळवता बघते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने खाता खाता तिला आजूबाजूचं पुष्कळ दिसतं. मूल जवळून पाहू शकलं तर पंजाकडे लक्ष वेधा: पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच. अंगठ्याच्या जागी पुढं नुसता उंचवटा असतो. ओल्या मातीत किंवा धुळीत ठसा सापडला तर तिथं मोजणं सोपं जातं.

तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कठीण वस्तू कुरतडून झिजतात. नुकतेच दुधाचे दात पडू लागलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलांना ही गोष्ट फार आवडते. त्यांना ती जरूर सांगा.

खार फक्त फळं खाते असं सांगू नका. ती किडे खाते, कळ्या आणि फुलांतला मध खाते, पक्ष्यांची अंडीही पळवते. मूल अंडी ऐकून हिरमुसेल, पण खरं ते खरंच सांगावं. सातभाईंचा थवा पालापाचोळा उलटत असेल तर त्यांच्यात एखादी खार हमखास सापडते, दोघंही खाली तेच शोधत असतात.

आता बिस्किटाबद्दल. बिस्किट, फरसाण, खारे दाणे, चपाती, चिप्स, काहीही टाकू नका. साखर, मीठ, मैदा आणि तेल तिच्या नेहमीच्या खाण्यात नाही. दुसरं म्हणजे खाऊ टाकला की खार जमिनीवर, उघड्यावर येते आणि सोसायटीतली मांजरं तिथंच दबा धरतात. आणि जी खार माणसाच्या हाताकडे बघून धावत येते, तिचा तुम्ही पाहायला निघालात तो दिवसच राहत नाही; ती तुमच्या येण्याची वाट बघत बसते. काही द्यायचंच असेल तर उन्हाळ्यात पाणी ठेवा. पसरट मातीची थाळी, दोन बोटं पाणी, मधे एक दगड. रोज पाणी ओतून थाळी घासा, नाहीतर डास होतात. थाळी झुडपाला चिकटून ठेवू नका, मांजराला आडोसा मिळतो.

तपासा: पाहण्याच्या जागी कुणी शेजारी आधीच खाऊ टाकत असतील तर जागा बदला. तिथं खारीची नेहमीची वागणूक दिसणार नाही.

## टप्पा ५: "कुणावर ओरडते?" हा खेळ

सगळ्या बैठकांत मुलांना सर्वांत जास्त रमवते ती ही, म्हणून हिला घाईत उरकू नका. हिची वेळ ठरवता येत नाही; खार ओरडू लागली की हातातलं काम सोडून मुलाला घेऊन खिडकीत किंवा गॅलरीत जा.

खार ओरडताना एका जागी बसलेली असते. प्रत्येक "चिक्"बरोबर शेपटीला एक झटका बसतो. आवाज आणि शेपटी अगदी एका तालात चालतात, ते आधी दाखवा. मग विचारा, "तिचं तोंड कुठं आहे?" ती ज्या दिशेला बघते त्या दिशेला शोधायचं. बहुतेक वेळा भिंतीवर मांजर सापडतं. कधी मुंगूस असतो, कधी झाडात दडून बसलेला शिक्रा, कधी धामण. बुलबुल, साळुंक्या, सातभाई, कावळे यांनीही गलका सुरू केला असेल तर धोका नक्कीच जवळ आहे. आणि बऱ्याचदा काहीच सापडत नाही. तेव्हा "नाही दिसलं" असंच लिहू द्या. मुलाचं मन राखायला मांजर होतं असं सांगू नका.

सगळं ओरडणं धोक्याचं नसतं. दोन-तीन खारी एकमेकींमागे खोडाभोवती गरगर धावत असतील तर तो पाठलाग वेगळा. कधी नर मादीच्या मागे असतो, कधी एक खार दुसरीला आपल्या जागेतून हुसकावते. लहान मुलाला "भांडण किंवा लग्नाची गडबड" एवढं सांगितलं की पुरतं.

सावध: साप दिसला तर खेळ तिथंच थांबवायचा, मुलाला घेऊन मागे यायचं. जवळून फोटो काढायला जायचं नाही.

## टप्पा ६: दुपार, फक्त दहा मिनिटं

उन्हाळ्याच्या दुपारी खारी दिसत नाहीत म्हणून लोक हा टप्पा सोडून देतात. पण "खार कुठं गेली?" हा मुलाचा प्रश्न इथंच सुटतो. उन्हात नेऊ नका, खिडकीतून किंवा सावलीतून दहा मिनिटं पाहा. दाट पानांतल्या आडव्या फांद्या एकेक करून तपासा. खार फांदीवर पोट टेकून, चारही पाय दोन्ही बाजूंना सोडून, पसरलेली दिसते. फांदीच्या सावलीतल्या गारव्याला पोट लावून ती अंग निववते. आजारी आहे असं समजून तिला खडा मारून हलवणारे लोक असतात, तसं मुलांनाही करू देऊ नका.

## टप्पा ७: घरटं लांबूनच

घरटं म्हणजे गवत, काथ्या, कापूस, धागे यांचा गोळा. तो फांदीच्या बेचक्यात असतो, माडाच्या झावळ्यांच्या बुडाशी असतो, नाहीतर खोडाच्या ढोलीत. शहरात तो मीटरच्या पेटीत, एसीच्या मागे, रोलिंग शटरच्या खोक्यात, वापरात नसलेल्या पाइपात मिळतो.

घरट्याचं सामान नेताना खार पाहायला मिळाली तर सगळं बाजूला ठेवून तेच बघा. ती पायपुसण्यातून धागे उपटते, दोन्ही पंजांनी ते तोंडात कोंबत राहते आणि शेवटी तोंडाच्या दोन्ही बाजूंनी गलमिश्यांसारखे धागे लोंबत असताना पळते. याच वेळी मागोमाग नजर ठेवली तर घरटं कळतं.

कळलं की तिथंच थांबा. शिडी लावून बघणं, काडी घालणं, मोबाइलचा फ्लॅश मारणं, मुलाला वर उचलून दाखवणं, यातलं काहीही करायचं नाही. आत साधारण दोन-तीन पिल्लं असतात. जन्मतः त्यांच्या अंगावर केस नसतात, डोळे बंद असतात, आणि त्यांना एकटी आईच वाढवते. वारंवार त्रास झाला तर ती एकेका पिल्लाला तोंडात धरून दुसरीकडे हलवते आणि त्या धावपळीत पिल्लं कावळ्या-मांजरांच्या तावडीत सापडतात. एसीच्या मागे घरटं असेल तर पिल्लं बाहेर पडून हिंडू लागेपर्यंत सर्व्हिसिंग पुढं ढकला.

### पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर

इथं क्रम चुकला की पिल्लू दगावतं, म्हणून ही यादी लक्षात ठेवा.

१. मुलाला दोन पावलं मागे उभं करा, मांजर-कुत्र्याला हाकला. पिल्लावर मुंग्या चढल्या असतील तर मऊ फडक्याने हळूच काढा.

२. हात लावावा लागला तर कापडातून उचला. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, ही समजूत चुकीची आहे.

३. आधी ऊब द्या. छोट्या खोक्यात सुती फडकं घाला, कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवा. पिल्लू थेट बाटलीवर ठेवू नका.

४. दूध पाजू नका. गाईचं, म्हशीचं, पिशवीचं, कुठलंच नाही, ड्रॉपरने पाणीही नाही. गार पडलेल्या पिल्लाला ते पचत नाही आणि श्वासनलिकेत जाऊन ते गुदमरतं. सर्वांत जास्त पिल्लं याच मायेपोटी जातात.

५. रक्त नसेल, मांजराने धरलेलं नसेल, तर उघडं खोकं त्याच झाडाला, जमिनीपासून उंच, सावलीत बांधा आणि सगळे लांब जा. उजेड असेपर्यंत आईला वेळ द्या, दुरून नजर ठेवा. ती येते, तोंडात धरते आणि नेते.

६. अंधार पडू लागला, पिल्लू जखमी असेल किंवा मांजराचा दात लागलेला असेल, तर महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा ओळखीच्या प्राणिमित्र संस्थेला बोलवा. मांजराची जखम बारीक दिसली तरी थांबू नका, ती चिघळते.

मूल "आपण हिला घरी ठेवू या" म्हणणारच. खार हा वन्यप्राणी आहे, पिंजऱ्यात ठेवायचा नाही, हे त्याच वेळी स्पष्ट सांगा. आणि खार कुणालाही चावली तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरांकडे जा. हळद-चुना भरत बसू नका.

## टप्पा ८: संध्याकाळ

ऊन उतरल्यावर पुन्हा धावपळ सुरू होते. तास-दीड तास खाणं, पाठलाग, ओरडणं चालतं आणि अंधार पडण्याआधी एकेक खार घरट्याकडे वळते. पाहायचं ते एवढंच: शेवटची खार किती वाजता दिसली? मुलालाच घड्याळ बघू द्या. ज्याला घड्याळ कळत नाही त्याने "रस्त्यावरचे दिवे लागले होते की नव्हते" ते सांगायचं.

रात्री टॉर्च घेऊन घरट्यावर उजेड पाडायचा नाही. खार झोपलेली असते आणि घुबड जागं असतं, तेवढं मुलाला गोष्टीसारखं सांगा. थंडीत ती महिनोन् महिने झोपते, असं मात्र सांगू नका. आपली खार तशी झोपत नाही, हिवाळ्यातही रोज बाहेर पडते.

## टप्पा ९: दिवसाची पट्टी जोडा

आता वहीतली पानं काढा. लांब कागद जमिनीवर पसरा, डाव्या टोकाला उगवता सूर्य, उजव्या टोकाला चंद्र मुलाकडून काढून घ्या. मग प्रत्येक पान वेळेप्रमाणे मुलालाच चिकटवू द्या. पानं काढली त्या दिवसांच्या क्रमाने लावायची नाहीत, घड्याळाच्या क्रमाने लावायची. बुधवारची सकाळ आणि रविवारची संध्याकाळ एकाच पट्टीत येतात, हे लहान मुलाला लगेच उमगत नाही; इथं दहा मिनिटं जास्त द्या. मधे रिकामी जागा राहील. ती नेटवरच्या चित्राने भरू नका, तिथं प्रश्नचिन्ह काढा. पुढची बैठक त्या वेळेला ठेवायची.

मग पट्टी हातात घेऊन मुलाला खारीचा दिवस सांगायला लावा, मधे बोलू नका. "मग ती झोपते, मग तिला भूक लागते" असं वेळेच्या क्रमाने आणि स्वतः पाहिलेलं सांगितलं तर काम झालं. पुस्तकातलं ओकचं फळ मधेच आलं तर टप्पा ४ पुन्हा करा.

वर्गात करत असाल तर एका वेळी पाच-सहा मुलंच न्या. तीस मुलांच्या रांगेपुढं खार बाहेर येत नाही. गटांना वेळा वाटून द्या, पट्टी सगळ्यांची मिळून एकच. परदेशातल्या मराठी घरांनीही हाच क्रम ठेवावा. अमेरिकेतली किंवा इंग्लंडमधली करडी खार शरद ऋतूत खरंच एकेक दाणा वेगवेगळ्या जागी पुरते, तेव्हा तिच्या पट्टीत तो एक तुकडा वाढतो. इथं आलेल्या नातवंडांकडून दोन्ही पट्ट्या शेजारी लावून घ्याव्यात.

शेकरू पाहायला भीमाशंकरला जाणार असाल तर पट्टी करून झाल्यावर जा. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी अंगणातल्या खारीपेक्षा कितीतरी मोठा असतो, जमिनीवर क्वचितच उतरतो आणि उंच झाडांवर एकाहून अधिक घरटी बांधतो. अंगणातली खार नीट पाहिलेलं मूल तिथं मान वर करून थांबतं, न पाहिलेलं मूल पाच मिनिटांत कणसं मागतं.

दुसरी पट्टी ऋतू बदलल्यावर करा. पावसाळ्यात सरीच्या मधल्या उघडिपीत बसावं लागतं आणि वेळा सगळ्या बदलतात. माघ-फाल्गुनात सावर फुलते तेव्हा झाडावर पानं नसतात, लाल फुलांत तोंड घालून मध खाणारी खार चार वर्षांच्या मुलालाही लगेच सापडते. पांगारा आणि सिल्व्हर ओकवरही ती अशीच येते. सावरीची फुलं जाड आणि वजनदार असतात, वरून सारखी पडत राहतात. सतरंजी थेट फांद्यांखाली न टाकता थोडी बाजूला टाका.